जुनी जिप्सी रानवाटेला काढण्याआधी

पावसाळा ओसरला, दसरा उलटला की गोव्यातील अनेक अंगणांत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एक चौकोनी गाडी उघडी होते. बॅटरी चार्ज करून आणली जाते, दोन-तीन प्रयत्नांनंतर इंजिन खोकत खोकत सुरू होते आणि मालकाच्या मनात उन्हाळ्यापासून घोळत असलेली यादी पुन्हा वर येते : मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन, पुढे जाड लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर दिव्यांची रांग आणि जमल्यास टपावरच उघडणारा तंबू. गाडी बहुतेक वेळा मारुती जिप्सी असते. यादी मात्र बहुतेक वेळा उलट्या क्रमाने लिहिलेली असते.

सुझुकीच्या एसजे मालिकेतील गाडीवरून घडवलेली जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली. पहिल्या गाडीचे इंजिन ९७० घनसेंटिमीटरचे होते आणि गियर चार. १९९६ मध्ये १,२९८ घनसेंटिमीटरची, पाच गियरची ‘जिप्सी किंग’ आली. २००० मध्ये तिला मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन मिळाले व ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. सुरक्षिततेचे व प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तेव्हा २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठीची तिची विक्री थांबली. मधल्या तीन दशकांत तिच्या मूळ रचनेत फारसा फरक पडला नाही. शिडीसारखी चेसी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांवर कमानपाटे आणि ‘लो’ रेंज असलेली ट्रान्सफर केस असे हे जुने, रांगडे यंत्र आहे. गावातल्या फिटरला ते उघडता येते व पुन्हा जोडताही येते. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आल्यावरही जुन्या जिप्सीचा भाव उतरला नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

दुसरे कारण वजन. सॉफ्टटॉप जिप्सी किंगचे मोकळे वजन सुमारे ९८५ किलो, म्हणजे टनापेक्षाही थोडे कमी आहे. आजच्या थारसारख्या गाड्या दीड टनाच्या पुढे जातात. पावसानंतरच्या लाल चिखलात, ओहोळाच्या वाळूत किंवा शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या चढावर जड, ताकदवान गाडी रुतते आणि ही किडकिडीत गाडी अलगद निघून जाते, ते इंजिनाच्या जोरावर नव्हे. तिला उचलायचेच थोडे असते. नेमकी हीच जमेची बाजू ‘अपग्रेड’च्या नावाखाली खर्ची पडते.

हिशेब साधा आहे. लोखंडी बंपर ४५ किलो, विंच ३०, टपावरची जाळी ३०, टपावरचा तंबू ५५, मोठ्या मापाच्या पाच टायरांचे वाढीव वजन २५, पिण्याचे पाणी २० लिटर म्हणजे २० किलो, अवजारे २०, शेगडी, भांडी, शिधा आणि बर्फाची पेटी मिळून २५. एकूण २५० किलो झाले आणि अजून गाडीत कोणी बसलेले नाही. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की भार ५३० किलोवर जातो. ही गाडी मुळात अर्ध्या टनाच्या आसपास ओझे वाहण्यासाठी बांधलेली आहे. ब्रेक, पाटे, क्लच आणि बेअरिंग त्याच बेताने घडवलेले आहेत, आणि पंधरा-वीस वर्षे वापरलेलेही आहेत. त्यामुळे जुन्या गाडीच्या बाबतीत पैसे खर्च करण्याचा क्रम तिच्या थकलेल्या भागांपासून सुरू व्हायला हवा. दुकानातील झगमगीत सामानाची पाळी त्यानंतरची.

आणि गोव्यात पहिला थकलेला भाग म्हणजे पत्रा. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, उरलेले महिने खारा वारा, मधूनच किनाऱ्यालगतच्या घरासमोरचा मुक्काम. पुण्याच्या किंवा इंदूरच्या गाडीला जे वीस वर्षांत होत नाही ते इथे आठ-दहा वर्षांत होते. वरून नवा रंग मारलेली, आतून सच्छिद्र झालेली जिप्सी हा किनारपट्टीवरील जुन्या गाड्यांच्या बाजारातला नेहमीचा माल आहे. तपासणीसाठी लहान हातोडी, तारेचा ब्रश आणि विजेरी पुरते. गाडी रॅम्पवर चढवून चेसीच्या पोकळ पट्ट्यांवर बोटाबोटाने हलके ठोके द्यावेत. शाबूत लोखंड खणखणीत वाजते. गंजलेले भद्द आवाज करते, कधी कधी हातोडी आतच जाते. मागच्या पाट्यांचे चेसीला जोडलेले कान, बॉडी जिथे रबरावर टेकते त्या जागा, पेट्रोलच्या टाकीवरचा भाग, चालकाच्या पायाखालची फरशी, पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड आणि मागील चाकामागचे कोपरे या ठिकाणी गंज आधी धरतो. चेसीलगत धावणारी ब्रेकची बारीक नळी तर प्रत्येकाने पाहिलीच पाहिजे. ती बाहेरून तपकिरी खपली धरते, आणि घाटाच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर ज्या दिवशी फुटते त्या दिवशी टायर कितीही मोठे असले तरी उपयोग नसतो.

गंजावर उपाय म्हणून खालून काळे डांबरी कोटिंग मारून घेण्याची पद्धत आहे. गंज न काढता मारलेले कोटिंग म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. आत अडकलेली ओल शांतपणे पत्रा खात राहते आणि बाहेरून सारे काळेभोर, निरोगी दिसते. योग्य काम कंटाळवाणे आहे : खपल्या काढणे, उरलेल्या गंजावर गंजरोधक रसायन लावणे, प्रायमर, रंग आणि शेवटी पोकळ भागांच्या आत मेणासारखे तेलकट द्रव्य फवारणे. चेसीला खालून असलेली निचऱ्याची भोके उघडी ठेवायची. चेसीला जोड द्यावा लागला तर कुजलेला भाग कापून, शाबूत लोखंडापर्यंत पोहोचून तिथे वेल्डिंग व्हायला हवे. कुजक्या पत्र्यावर ठिगळ मारणारा वेल्डर स्वस्त पडतो, पण त्याच्या हाती चेसी देऊ नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, टाकी उतरवावी. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचा संगणकही सोडवून बाजूला ठेवावा.

पत्र्यानंतर हलणारे भाग. जिप्सीचे स्टिअरिंग साठ-सत्तरच्या वेगात अचानक जोराने थरथरू लागले की गॅरेजवाला आधी चाकांचे बॅलन्सिंग करून देतो. थरथर थांबली नाही तर दोष बहुधा पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाशी, किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असतो. तीच गोष्ट ट्रान्सफर केसची. ती गियरबॉक्सपासून वेगळी, चेसीवर रबरी आधारांवर बसवलेली असते. रबर फाटले की ती क्लच सोडताना हिसका खाते, खडखडते, आणि ‘गियरबॉक्स गेला’ असे निदान होते. रबरांची किंमत गियरबॉक्स उघडण्याच्या मजुरीच्या तुलनेत किरकोळ असते. पाट्यांचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागच्या ड्रममधले ब्रेक शू आणि चाकांची बेअरिंगे ही सगळी नवी घातली की अनेक मालकांना आपली गाडी मुळात किती चांगली होती याचा पहिल्यांदाच पत्ता लागतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे असते. टायमिंग बेल्टचा इतिहास ठाऊक नसेल तर तो बदललेला नाही असेच समजून चालावे.

रानवाटेवर गाडी ‘लो’मध्ये पहिल्या गियरवर चालते तेव्हा इंजिन जोरात आणि गाडी सावकाश असते. समोरून वारा येत नाही, त्यामुळे थंडाव्याची सगळी जबाबदारी रेडिएटर व पंख्यावर पडते. खाणपट्ट्यातील लाल धुळीने रेडिएटरच्या जाळ्या बुजलेल्या असतात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा देशी तोडगा अनेक गॅरेजांत आजही चालतो. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. रेडिएटर उतरवून साफ करून घेणे हाच खरा इलाज.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडचा आहे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. कार्ब्युरेटरच्या जिप्सीचे रबरी पाइप आणि वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. चार महिने ताडपत्रीखाली अर्ध्या रिकाम्या टाकीने उभ्या राहणाऱ्या गाडीत दमट हवेतील ओल पेट्रोलमध्ये उतरते आणि प्रमाण वाढले की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा बसतो. इथेनॉलला टिकणारे पाइप, नवा फिल्टर आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गाडी चालवून आणण्याची सवय, एवढ्याने बराच बचाव होतो.

इतके झाल्यावर टायर. रानवाटेसाठी सर्वांत जास्त फरक घडवणारा एकच बदल निवडायचा असेल तर तो टायरांचा, यावर जाणकारांत मतभेद नाही. मतभेद मापाबद्दल आहेत. किंगवर सर्रास दिसणारे २०५/७० आर १५ हे टायर ६६८ मिलिमीटर व्यासाचे असतात. २१५/७५ आर १५ घेतल्यास व्यास ७०४ च्या आसपास जातो. अ‍ॅक्सल जमिनीपासून १८ मिलिमीटर उचलला जातो आणि गाडीच्या काट्यावर ६० दिसत असताना खरा वेग ६३ असतो. इथवर ठीक. पुढे २३५/७५ घातले की व्यास ७३४ होतो, काट्यावरच्या ६० ला प्रत्यक्षात ६६ भरतात, वळताना टायर पत्र्याला घासतो आणि मुख्य म्हणजे सारे गियर जवळपास दहा टक्क्यांनी लांबतात. ज्या ‘लो’ रेंजच्या बळावर चढ चढायचा, तिचाच दहावा हिस्सा टायरांनी खाल्लेला असतो. मग तक्रार येते की इंजिनात दम नाही, आणि खर्चाची पुढची फेरी सुरू होते.

चिखलाचे खोल नक्षीचे टायर दिसायला दांडगे, पण ओल्या डांबरी रस्त्यावर ते कमी पकड देतात. गोव्यातील मालक रानवाटेपर्यंत पोहोचण्यासाठीच चोर्ला किंवा अनमोडच्या घाटातून ओल्या डांबरावरून जातो. वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर जात असतील तर मधल्या जातीचे ‘ऑल टेरेन’ टायर पुरेसे आहेत. बाकीचे काम हवा करते. रस्त्यावर २६ पौंडांच्या आसपास असलेली हवा सैल वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांबतो आणि रुतलेली गाडी कोणी न ढकलता बाहेर येते. हा फुकटचा बदल आहे. अट इतकीच की वेग कमी ठेवायचा, झटक्याने वळायचे नाही आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान पंप व हवा मोजण्याचा काटा या दोन वस्तू विंचच्या कितीतरी आधी घ्याव्यात.

गाडी उंच करण्याचा मोह सर्वांत मोठा. पाट्यांचे झुलते दुवे लांब करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि पुढच्या बाजूला तो सर्वांत वाईट. पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरतो, किंगपिनचा कल बदलतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची सवय सोडते. अ‍ॅक्सलखाली असलेले पाटे उचलून अ‍ॅक्सलच्या वर बसवले की गाडी एकदम चार-पाच इंच वर जाते. छायाचित्र सुंदर येते. पण ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात, जोर लावताना अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ देऊ लागतो. सर्वांत गंभीर बाब म्हणजे मुळातच अरुंद असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यात टपावर तंबू आणि जाळी आली की बाजूच्या उतारावर ही गाडी कलंडायला फारसे निमित्त लागत नाही. दमलेले पाटे बदलून मूळ मापाचे नवे पाटे व चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातले तरी बसलेली गाडी इंच-दीड इंच उठते. गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातील वाटांना बहुतेक वेळा तेवढे पुरते.

जिप्सीच्या फोर-व्हीलमध्ये मधला डिफरन्शियल नाही, हेही नव्या मालकाने समजून घ्यावे. फोर-व्हील लावले की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाके किंचित घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत आणि तो ताण गियरांवर येतो. म्हणून डांबर लागले की टू-व्हील. उलट बाजूने, चारही चाकांना जोर जातो ही समजूतही अर्धीच खरी आहे. प्रत्येक अ‍ॅक्सलमधील डिफरन्शियल मोकळा असल्याने एक चाक हवेत गेले की त्या अ‍ॅक्सलचा जोर तिथेच वाया जातो. मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर बसवणे हा त्यावरचा अस्सल उपाय. पण महाग आणि कोरड्या रस्त्यावर शिस्त मागणारा. वाट नीट निवडून चाक हवेत जाऊ न देणे हे कौशल्य शिकेपर्यंत तो खर्च पुढे ढकलता येतो.

ओहोळ ओलांडताना होणारे नुकसान गुपचूप होते. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडला की आतील हवा आकसते आणि सीलवाटे पाणी आत ओढले जाते. गाडी घरी येते, काही वाटत नाही, आणि दोन महिन्यांनी डिफरन्शियल उघडला की आत दुधी रंगाचे तेल दिसते. अ‍ॅक्सलवरच्या लहानशा श्वासनळीला रबरी पाइप जोडून त्याचे टोक इंजिनाच्या खणात उंचावर बांधले की हा धोका बराच टळतो. शंभर-दोनशे रुपयांचे काम आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर काही अंतर ब्रेक हलके दाबत चालवावे म्हणजे ड्रम वाळतात. पाण्याची खोली आणि तळ पायाने चालून पाहिल्याशिवाय गाडी घालू नये, आणि पाणी गढूळ, वेगाचे असेल तर पायही घालू नये. सह्याद्रीच्या कुशीतील ओहोळ वर कुठेतरी पाऊस पडला की खाली ऊन असतानाही फुगतात.

विंच हवीच का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘एकट्याने जात असाल तर विचार करा, नाहीतर नको’ असे आहे. पूर्ण ओढीवर विंच शेकडो अँपिअर वीज खाते. जिप्सीचा अल्टरनेटर तिच्या जवळपासही पोहोचत नाही, आणि जुनी बॅटरी काही मिनिटांत मान टाकते. दोन गाड्या बरोबर असतील तर ताण घेणारा जाड दोर, प्रमाणित भारक्षमतेचे दोन शॅकल, झाडाला इजा न करणारा रुंद पट्टा आणि फावडे यांवर बहुतेक प्रसंग निभावतात. दोर मात्र चेसीला बोल्टने पक्क्या केलेल्या हुकालाच अडकवावा. बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही. ताणलेल्या दोराबरोबर तुटून उडालेला लोखंडी तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो, आणि जगभर त्याने माणसे दगावली आहेत. दोरावर मध्यभागी ओले कांबळे टाकावे, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे. बघे ऐकत नसतील तर दोर ताणू नये.

मुक्कामाच्या सामानात गाडीपेक्षा घर हलवण्याची वृत्ती दिसते. सॉफ्टटॉपच्या कॅनव्हासवर टपाचा तंबू बसवायचा तर आधी बाहेरून पाइपांचा पिंजरा उभारावा लागतो, म्हणजे पुन्हा वजन, तेही उंचावर. जमिनीवर लावायचा दोघांचा तंबू तीन-चार किलोंचा असतो. मागची सीट काढून सपाट प्लायवूडची फळी टाकली तर खाली सामान आणि वर एका माणसाची झोप, दोन्ही साधते. सामान जड असेल तितके खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बांधावे. मोकळा ठेवलेला गॅसचा सिलिंडर किंवा जॅक खड्ड्यात उसळून पाठीत बसतो. फ्रीजपेक्षा बर्फाची पेटी, टपावरच्या दिव्यांपेक्षा तंबूत टांगायचा चार्जिंगचा कंदील. जादा दिवे लावलेच तर रिले आणि फ्यूजसह लावावेत. वीस वर्षांच्या वायरिंगला जागोजागी कापून दिलेले जोड हे जुन्या गाड्यांना आग लागण्याचे ठरलेले कारण आहे. गोव्यात अंतरे इतकी लहान आहेत की पेट्रोलचा जादा डबा वाहण्याची वेळ सहसा येत नाही. पाण्याचा डबा मात्र भरलेला असावा.

कायद्याची बाजू अनेकांना उशिरा कळते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड या कलमात बसत नाहीत, असे केंद्रीय मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कळवले होते. समोर शोधदिवे लावण्यास केंद्रीय नियमावलीची मनाई आहे. अपघात झाल्यावर न कळवलेल्या बदलांवरून विमा कंपनी वाद घालते, तो मनस्ताप वेगळा. लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी घेतलेल्यांना आणखी एक नियम लागू होतो : ऑलिव्ह ग्रीन रंग हा संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. हौसेने तोच रंग पुन्हा मारून घेणारे कमी नाहीत, आणि नाक्यावर थांबवले जाणारेही.

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून या नूतनीकरणाचे शुल्क भरीव वाढले आहे. तपासणीच्या दिवशी उंच केलेली, टायर बाहेर डोकावणारी, कर्कश सायलेन्सरची गाडी घेऊन उभे राहणाऱ्या मालकाला ते सारे उतरवून पुन्हा यावे लागते. येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. शाबूत चेसी, नवे बुश, योग्य मापाचे चांगले टायर, दोर, पंप, तंबू, बर्फाची पेटी या हलक्या यादीतील एकही वस्तू कायद्याच्या आड येत नाही. आड येते ती जड यादी.

राहिला प्रश्न जायचे कुठे. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये आहेत. तेथे परवानगीशिवाय प्रवेश करणे, रात्री राहणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. कुळ्याहून दूधसागरला परवानाधारक जीपच जातात, खासगी गाडी जात नाही. किनाऱ्यावर वाहन घालण्यास गोव्यात बंदी आहे आणि दर मोसमात त्यावरून गुन्हे नोंदले जातात. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांवर बारीक रानफुलांचा गालिचा असतो. मातीचा थर तिथे बोटभरच असतो, आणि टायरचे एक चाकोरे वर्षानुवर्षे बुजत नाही. सडा मोकळा दिसतो म्हणून तो वाट नव्हे. उरतात त्या पंचायतीच्या कच्च्या वाटा, ओळखीच्या कुळागरातील रस्ते, मालकाच्या परवानगीने उघडी झालेली खासगी जमीन आणि क्लबांनी अशाच जमिनीवर भरवलेले उपक्रम. खानापूर, चंदगड किंवा दोडामार्गच्या बाजूला गावकऱ्यांना विचारून मिळणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. विचारणे महत्त्वाचे. कुळागरात तंबू ठोकू देणारा मालक सकाळी फेणोऱ्या आणि काजूच्या पानांची राख पाहून पुढच्या वर्षी नकार देतो.

नव्याने सज्ज केलेल्या गाडीचा पहिला मुक्काम घरापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत, मोबाइलची रेंज असलेल्या जागी आणि दुसऱ्या गाडीच्या सोबतीने करावा. निघण्यापूर्वी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन आकडा लिहून ठेवावा. वाळू आणि खडीच्या ट्रकांसाठीचे काटे जागोजागी आहेत. परतल्यावर चेसी गोड्या पाण्याने धुवावी, डिफरन्शियलच्या तेलाचा रंग पाहावा, आणि ज्या वस्तूला दोन दिवसांत हात लागला नाही ती गाडीतून उतरवून ठेवावी. पाना, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी तेवढी यातून वगळावी.